अडीच तास मागचं कार्यालय

बाहेर दुपार. संगणकात सकाळ.

दुपारचा एक वाजला की श्री सोनपिंपळेश्वर शिक्षण मंडळाच्या परभणीतल्या कार्यालयात सगळे डबे उघडतात. त्याच वेळी समोरचे पाचही संगणक साडेदहा वाजल्याचं सांगत असतात. याचं कुणाला काही वाटत नाही. नवा माणूस आला की विचारतो. त्याला सांगतात, "आपल्याकडं असंच हाय." चार दिवसांत नवा माणूस जुना होतो.

मंडळाच्या तीन शाळा. झरीला एक, ताडकळसला एक, पिंगळीला एक. कार्यालय औषधाच्या दुकानावरच्या मजल्यावर. मागच्या वर्षी एका गुरुवारी तिथं संगणक बसले. उद्घाटनाचा मुहूर्त बाराचा, अभिजित. पाहुणे आले अडीचला. गुरुवारचा राहुकाळ दीड ते तीन. तीनपर्यंत थांबा म्हणावं तर पाहुण्यांना पुढं पिंगळीला आणखी एक फीत कापायची होती.

मंडळाचे सचिव दिनकरराव यांनी एकदा पाहुण्यांकडं पाहिलं, एकदा भिंतीवरच्या घड्याळाकडं. महारुद्र शिपाई स्टुलावर चढला आणि त्यानं काटे बारावर आणले. राहिले संगणक. ते बसवायला आलेल्या इंजिनिअरनं वेळ मागं नेली, ती परत अडीचवर उडी मारून आली. पुन्हा नेली, पुन्हा आली. पाहुणे नारळ धरून उभे. इंजिनिअरनं घाम पुसला, सर्व्हरवर आत कुठंतरी जाऊन काहीतरी केलं, आणि पाचही पडदे एकदम बारावर आले. तिथून पुढं वेळ शहाण्यासारखी चालू लागली. नारळ फुटला. फोटोत पाहुण्यांच्या मागं पाच वेळा बारा दिसतात.

भिंतीवरचं घड्याळ दुसऱ्या दिवशी महारुद्रानं पुढं केलं. संगणकांना हात कुणी लावला नाही.

का लावला नाही, त्याला कारण आहे. कार्यालयात आलेल्या अर्जावर हेडक्लार्क उद्धवराव मनगटावरच्या घड्याळात बघून हातानं वेळ टाकतात. जाणाऱ्या उत्तरावर वेळ संगणक छापतो. त्यामुळं दुपारी एकला आलेल्या अर्जाचं उत्तर त्याच दिवशी सकाळी पावणेअकराला रवाना झालेलं असतं. कुठल्याशा संघटनेनं हे कागद तपासले आणि मंडळाला तत्पर सेवेचं सन्मानचिन्ह दिलं. शेरा होता, "मागणी येण्यापूर्वीच पूर्तता." दिनकररावांनी शेऱ्याला काच लावून घेतली.

बाहेर संध्याकाळ. संगणकात दुपार.

हेमा या सगळ्यानंतर आली. ताडकळसहून रोज गाडीनं ये-जा. पद संगणकचालक, नेमणूक एका वर्षाच्या करारावर. वर्ष भरत आलं होतं आणि येत्या सोमवारी समिती बसून ठरवणार होती, हेमाला कायम करायचं की घरी पाठवायचं. नवऱ्याचं दुकान नुकतंच बसलं होतं. घरात ठरलेल्या तारखेला येणारा पगार एवढाच.

कायम माणसं रजिस्टरवर सही करतात. करारावरची माणसं दारातल्या मशीनवर अंगठा ठेवतात. करारावरची माणसं म्हणजे एकटी हेमा. वर्षभरात त्या मशीनचे कागद कुणी काढले नव्हते. समितीसाठी म्हणून उद्धवरावांनी ते पहिल्यांदा काढले आणि तिच्या टेबलावर ठेवले.

> *हजेरी अहवाल*
> *प्रवेश: सकाळी साडेसात. शेरा: कार्यालय उघडण्यापूर्वी. ग्राह्य नाही.*
> *प्रस्थान: दुपारी सव्वातीन. शेरा: वेळेपूर्वी.*
> *पुढची ओळ: तशीच.*
> *त्याच्या पुढची: तशीच.*
> *पुढचं पान: तसंच.*

"काका, मी रोज सव्वातीनला जाते?"

"मशीन म्हणायलीय."

"तुमी माझ्या शेजारी बसता. साडेचारला आपण चहा घेतो. सोबत."

"घेतो की."

"मग?"

"मी सांगतो ना समितीला, चहा घेते म्हणून. मी कुठं न्हाई म्हणायलोय?" उद्धवरावांनी चष्मा कपाळावर सरकवला. "पण लेखी काय हाय? लेखी हे हाय. आणि हे दुसरं बघ, साडेसातचं. साडेसातला हितं कुलूप असतंय. तू आत शिरतीस कशी?"

"मी दहाला येते, काका."

"मशीनला साडेसात दिसायलेत. म्हणजे कुलूप कुणीतरी उघडायलंय. महारुद्राला मेमो काढावा लागंल."

दारातून महारुद्र म्हणाला, "मला कशाला? साडेसातला मी झोपलेला असतोय. घरी विचारा."

"तसं लेखी दे."

"झोपल्याचं लेखी?"

"बायकोची सही घे खाली."

हेमानं कागद उलटे ठेवले. "काका, संगणकाचं घड्याळ अडीच तास मागं हाय. मशीन त्याच्यावरनं चालती. हे तुमाला म्हाईत हाय."

उद्धवरावांनी आजूबाजूला पाहिलं. "हळू बोल. ते मागं न्हाई. ते मुहूर्तावर हाय."

"आणि मी?"

उद्धवरावांना तिची खरोखर काळजी होती. त्यांनी थोडा विचार केला. "तू एक कर. सव्वाआठपर्यंत बसत जा. मशीनला पावणेसहा दिसतील."

"ताडकळसच्या गाडीला काय दिसंल?"

"गाडीचं..." उद्धवराव म्हणाले, "गाडीचं बघावं लागंल."

संगणकात: चूक कळवा

हेमानं पडद्याच्या कोपऱ्यातल्या वेळेवर क्लिक केलं. वेळ बदला. बदलली. क्षणभर तिच्या एकटीच्या संगणकावर परभणीची संध्याकाळ झाली. मग वेळ परत मागं गेली, कुणी ओढून नेल्यासारखी.

तिनं आणखी आत जाऊन पाहिलं. पडद्यावर उत्तर आलं:

> *या सेटिंग्ज तुमची संस्था सांभाळते.*

हेमानं वळून संस्थेकडं पाहिलं. संस्था पंख्याखाली बसून नखं कापत होती.

बाहेर दुपार. संगणकात अजून डबे उघडायचे आहेत.

संगणकांच्या देखभालीचं काम शंतनुकडं होतं. कंत्राटात घड्याळाचा उल्लेख नव्हता, पण हेमानं बोलावल्यावर तो आला. जिंतूर रोडवर एक प्रिंटर त्याची वाट बघत होता, तरी आला. त्यानं कामाची चिठ्ठी काढून भरायला घेतली आणि ती भरता भरता काम केलं.

> *तक्रार: सर्व संगणकांत वेळ मागे.*
>
> *उपाय एक. संगणक बंद असताना वेळ सांभाळणारा सेल बदलला. निष्कर्ष: नवा सेल, जुनी वेळ.*
>
> *उपाय दोन. सर्व्हरला इंटरनेटवरून वेळ घ्यायला लावली. घेतली. सर्व्हरचं म्हणणं, "वेळ यशस्वीपणे जुळवली." निष्कर्ष: जुळली. मागे.*
>
> *उपाय तीन. सर्व्हर बंद करून चालू केला. निष्कर्ष: चालू झाला.*
>
> *उपाय चार. चहा.*

चहाचा कप हातात घेऊन शंतनु पडद्याकडं बघत राहिला. हेमा मागं उभी.

"ताई, हा सर्व्हर खोटं बोलंना गेलाय. जगाची वेळ ह्याच्याकडं सेकंदाला बरोबर हाय."

"मग?"

"मग हा सोताला परभणीत समजंना गेलाय." त्यानं कप ठेवला आणि एक यादी उघडली. जगातली शहरं एकाखाली एक आली. एक ओळ निळी झालेली होती.

"बगदाद," शंतनु म्हणाला.

महारुद्रानं दारातून मान आत घातली. मग उद्धवराव म्हणाले, "निजामाच्या काळातलं राहिलं असंल."

"काका, संगणक मागच्या वर्षी आलेत."

"सातबारा बी नवा निघतो की. नावं जुनीच असत्यात."

"तरीच," महारुद्र म्हणाला. "उन्हाळ्यात लय तापायलते."

शंतनुनं समजावून सांगितलं. त्या दिवशी इंजिनिअर वेळ मागं न्यायचा आणि इंटरनेट ती पुन्हा पुढं आणायचं. म्हणून त्यानं वेळेला हातच लावला नाही, गाव बदललं. आपल्यापेक्षा अडीच तास मागं असलेलं गाव शोधलं आणि सर्व्हरला तिथं नेऊन बसवलं. सर्व्हरनं बाकीच्या चौघांना ओढून नेलं. हजेरीचं मशीन सर्व्हरला विचारून चालतं, तेही गेलं.

"म्हणजे वर्षभर मी अंगठा बगदादला देत होते," हेमा म्हणाली.

"पगार परभणीत घेत होतीस ना," उद्धवराव म्हणाले. "मग झालं तर."

"एका क्लिकचं काम हाय, ताई. हितनं भारत निवडायचा. चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली. ह्यात येतोय आपण."

उद्धवराव वाकून बघायला आले. "ह्यात बी परभणी न्हाई?"

"न्हाई."

"मग बगदादनं काय घोडं मारलं होतं?"

शंतनुनं क्लिक केलं. सर्व्हरनं पासवर्ड मागितला. पासवर्ड सचिवसाहेबांकडं होता.

बाहेर दुपार. केबिनमध्ये सांगता येत नाही.

दिनकरराव वाईट माणूस नव्हते. त्यांनी हेमाला बसायला सांगितलं, शंतनुला बसायला सांगितलं, उद्धवरावांना उभं राहू दिलं, कारण ते उभे राहिले की मुद्देसूद बोलतात.

"हेमा, तुझं शंभर टक्के खरं हाय. तू मला लेकीसारखी. पण मला एक सांग, घड्याळ पुढं केलं तर उद्घाटन कुठं जाईल?"

"जिथं झालं तिथंच राहील, साहेब."

"न्हाई ना राहत! अडीचला जाईल. राहुकाळात." त्यांनी काचेतल्या शेऱ्याकडं हात केला. "मग हे कशात गेलं? राहुकाळात. झरीला नवी तुकडी मिळाली, ती कशात गेली? सोमवारी समितीपुढं आणखी काही विषय हायेत..."

"ठराव सात," उद्धवराव म्हणाले. "साहेबांची मुदतवाढ."

"मी माझं म्हणंना गेलोय, उद्धवराव. मी संस्थेचं म्हणायलोय."

"संस्थेचंच, साहेब. साहेबांची मुदतवाढ."

शंतनुला जिंतूर रोडला जायचं होतं. तो सहज बोलून गेला, "साहेब, तसं बघितलं तर बगदादात तवा बाराच वाजले होते."

दिनकररावांनी त्याच्याकडं पाहिलं. मग बराच वेळ पंख्याकडं पाहिलं.

"म्हणजे मुहूर्त लागला होता?"

"तिथं लागला होता."

"लागला होता म्हणजे लागला होता!" दिनकररावांनी मोबाईल काढला, मुहूर्त काढून देणाऱ्या गुरुजींना लावला, आवाज मोठा केला आणि टेबलावर ठेवला.

"गुरुजी, मुहूर्त स्थळावर असतो ना?"

"स्थळावरच असतो. तिथला सूर्योदय बघावा लागतो."

"आणि स्थळ जरा लांबचं असलं तर?"

"लांबचं म्हणजे? झरी?"

"झरीच्या पुढं."

"जिंतूर?"

"बगदाद."

पलीकडं कुकरची एक शिट्टी झाली.

"दिनकरराव, तिथलं पंचांग माझ्याकडं न्हाई."

"पण दुपारचे बारा..."

"दुपारचे बारा तिथं बी दुपारीच वाजत असणार."

"म्हणजे दोष न्हाई?"

"मला दिसला न्हाई. एवढं म्हणू शकतो."

एवढं पुरेसं होतं. उद्धवरावांनी उभ्या उभ्या टिपण सांगितलं आणि हेमानं ते घेतलं:

> *मागील वर्षीचे संगणक उद्घाटन हे बगदाद प्रमाणवेळेनुसार अभिजित मुहूर्तावर विधिवत पार पडले असून त्यास कोणतीही बाधा न येता आता घड्याळे परभणीस आणण्यास हरकत नसावी.*

क्लिक लगेच करता आलं नाही. बुधवार होता आणि राहुकाळ चालू होता. सगळे जण भिंतीवरच्या घड्याळाखाली उभे राहिले. दीड वाजला तसं दिनकररावांनी पासवर्ड टाकला, टाकताना बाकीच्यांना तोंड फिरवायला लावलं, आणि शंतनुनं क्लिक केलं. महारुद्रानं कुणी न सांगताच उदबत्ती लावली होती.

बाहेर दुपार. संगणकात दुपार.

कार्यालयाला हे सोसलं नाही. उत्तरं अर्ज आल्यानंतर जाऊ लागली. झरीच्या मुख्याध्यापकांचा दुसऱ्याच दिवशी फोन आला.

"उद्धवराव, काय गडबड झाली का हो? अर्ज दिल्यावर दीड तासानं उत्तर यायलंय. आधी असं नव्हतं."

"संगणक दुरुस्त केलेत."

"असं का. मग बिघाड काढा की लवकर."

हेमानं मात्र बुधवारी संध्याकाळीच अंगठा ठेवला आणि मशीनवर पावणेसहा वाचले. पुन्हा वाचले. गुरुवारी, शुक्रवारीही तसंच. शनिवारीही. तिनं नव्या ओळींचा कागद काढून उद्धवरावांपुढं ठेवला.

"काका, आता जुनं बी सगळं अडीच तास पुढं करायचं. शंतनुभाऊ म्हणायलेत, सोपं हाय."

"सोपं हाय म्हणूनच करायचं न्हाई. झालेल्या नोंदीला हात लावला की ती खाडाखोड."

"ती चुकीची हाय, काका!"

"चुकीची हाय पण खाडाखोड न्हाई. आता दुरुस्त केली तर बरोबर होईल, पण खाडाखोड होईल."

"मग शंतनुभाऊंचं पत्र तरी जोडा. मशीन बगदादच्या वेळेवर होती, असं त्यांनी लिहून दिलंय."

उद्धवरावांनी पत्र वाचलं. दोनदा वाचलं. घडी घालून तिच्या हातात परत दिलं.

"पोरी, हे जोडलं की समिती विचारणार, बगदाद का? मग निघणार मुहूर्त. मग पाहुणे. मग साहेब. आणि साहेबांचा ठराव सातवा हाय. तुझा दुसरा."

"म्हणजे?"

"म्हणजे तुझं आधी हाय," उद्धवराव म्हणाले. "बिघडवू नको."

सोमवार. सगळीकडं एकच वेळ.

समिती म्हणजे अध्यक्षस्थानी दिनकरराव, सोबत झरीचे मुख्याध्यापक आणि पिंगळीचे मुख्याध्यापक. टिपणं सांगायला उद्धवराव. ठराव टाइप करायला हेमा. तिचा विषय निघाला तेव्हा तिनं बाहेर जायला हवं होतं, पण मग टाइप कुणी केलं असतं? म्हणून ती बसून राहिली आणि सगळे जण ती खोलीत नसल्यासारखे बोलले.

"ही बाई वर्षभर सव्वातीनला जायची?" झरीच्या मुख्याध्यापकांनी कागद लांब धरला.

"कागदावर जायची," उद्धवराव म्हणाले.

"आणि ह्या शेवटच्या चार ओळींत पावणेसहा?"

"हो."

"काय केलं तुमी?"

उद्धवराव गप्प राहिले असते तरी चाललं असतं. पण प्रश्न कौतुकाचा होता, आणि त्यांच्या नोकरीत असे प्रश्न फार आले नव्हते. "बोललो जरा तिला," ते म्हणाले.

"वा! एका बोलण्यात? आमच्या शाळेत पाठवा तुमाला."

"साहेब," हेमा म्हणाली, "ते घड्याळ..."

"हेमा, आधी लिहून घे," दिनकरराव म्हणाले. त्यांनी तिच्याकडं पाहिलं नाही. ते चहाच्या कपावरची साय काढण्यात गुंतले होते.

पिंगळीचे मुख्याध्यापक विचारी गृहस्थ. ते म्हणाले, "सुधारणा चांगली हाय, पण चार दिवसांची. टिकती का बघावं. मी तर म्हणतो, वर्षभर बघावं."

"वर्षभर बघावं," झरीचे म्हणाले.

उद्धवरावांनी सांगितलं. हेमानं टाइप केलं. एक अक्षर चुकलं नाही.

> *ठराव दोन. श्रीमती हेमा यांच्या हजेरीत वरिष्ठांनी दिलेल्या तोंडी समजेनंतर समाधानकारक सुधारणा दिसून आली. सदर सुधारणा टिकून राहते किंवा कसे हे पाहण्यासाठी त्यांना आणखी एक वर्ष करारावर ठेवण्यात यावे. सर्वानुमते.*

मग तीन ते सहा झाले. मग सातवा. दिनकररावांना तीन वर्षं मुदतवाढ. त्यांची सुधारणा बघायचं कुणी सुचवलं नाही. ठराव आजच सातच्या आत सरकारदरबारी ऑनलाइन चढवायचे होते, उद्या ते घेतले जाणार नव्हते. सह्या झाल्या. कचोरी आली.

हेमा उठली. पर्स घेतली. दारातल्या मशीनवर अंगठा ठेवला. मशीन म्हणालं, "धन्यवाद."

"अगं, कुठं? चढवायचं राहिलंय!" उद्धवरावांच्या हातात कचोरी होती.

"पावणेसहा झालेत, काका."

"पाच मिनिटांचं काम हाय."

"सुधारणा टिकवायची हाय ना मला," हेमा म्हणाली. "ठरावात हाय तसं."

गाडीत: तुमच्या नोंदणीकृत मोबाईलवर संदेश पाठवला आहे

मंडळाचं ऑनलाइन खातं उघडायच्या दिवशी मोबाईल नंबर कुणाचा द्यायचा, यावर बरीच चर्चा झाली होती. दिनकरराव म्हणाले होते, माझ्यावर आधीच लय मेसेज येत्यात. उद्धवरावांचा फोन बटणांचा. म्हणून नंबर हेमाचा दिला होता. ही गोष्ट कार्यालयात सगळे विसरले होते. हेमालाही ती गाडी स्टँडातून बाहेर पडल्यावर, मोबाईल पर्समध्ये वाजला तेव्हा आठवली.

सहा आकडे. खाली: हा ओटीपी कुणालाही सांगू नका.

लगोलग फोन आला. उद्धवराव.

"हेमा, ते आकडे आलेत का बघ बरं."

"आलेत."

"सांग की."

"कुणाला सांगू नका म्हणून लिहिलंय, काका."

"कुणाला म्हणजे बाहेरच्याला! आमी बाहेरचे का?"

"तसं मला बी विचारायचं होतं. मी बाहेरची का?"

मागं दिनकररावांचा आवाज आला, "काय म्हणायलीय?" उद्धवराव फोन बाजूला करून म्हणाले, "विचारायलीय." मग परत जवळ घेऊन, "तुझं काय म्हणणं हाय ते सांग बाई. आकडे मरायलेत हितं."

"ठराव दोन वाचून दाखवा."

उद्धवरावांनी वाचला. आणखी एक वर्ष करारावर.

"ओटीपीची मुदत संपली बगा," हेमा म्हणाली. खरंच संपली होती. "दुसरा मागवा."

शेजारच्या सीटवर तिच्याच गल्लीतल्या बायनाबाई भाजीची पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी कान पुढं केला. "कोण गं? सासर?"

"ऑफिस."

"मग दाब धरून बोल. सासर असतं तर सबुरीनं बोल म्हणले असते."

मोबाईल पुन्हा वाजला. नवे सहा आकडे. पुन्हा फोन. या वेळी दिनकरराव स्वतः.

"हेमा, बेटा, मी काय म्हणतो, सहा महिने करू. वर्ष जरा जास्तच झालं. मी तवाच म्हणणार होतो."

"साहेब, मी रोज पावणेसहालाच जात होते. तुमाला म्हाईत हाय."

"म्हाईत हाय ना. मला सगळं म्हाईत हाय."

"मग तसं लिहा."

"तसं कसं लिहिता येईल? पुढं मग लय लांब जातं ते."

"बगदादपर्यंत," हेमा म्हणाली.

पलीकडं कुणीतरी पाणी मागितलं. झरीचे मुख्याध्यापक बोलताना ऐकू आले, त्यांना गावी जायचं होतं. पिंगळीच्यांनाही. साडेसहा होऊन गेले होते. दिनकररावांनी फोनवर हात ठेवला, पण नीट ठेवला नाही. "तिन्ही सह्या परत लागतील... हो, परत... अहो, माझा सातवा हाय त्याच कागदात!"

मग फोनवर, "हेमा, तीन महिने. शेवटचं."

"आकडे मेले, साहेब."

बायनाबाईंनी पिशवीतून एक पेरू काढून तिच्या हातात दिला. का दिला, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

फोन बंद झाला. गाडी परभणीच्या बाहेर पडून बरीच पुढं आली होती. हेमानं पेरू खाल्ला नाही, हातात धरून बसली. त्यांनी दुसरा काही मार्ग काढला असेल तर? शंतनुला बोलावलं असेल तर? नंबर बदलता येत असेल. आणि ठराव आज चढोत न चढोत, उद्या तिला दहाला त्याच दारातून आत जायचं होतं. रेंजच्या दोन कांड्या होत्या, मग एक, मग परत दोन. तिला वाटलं आपणच फोन करावा, सहा महिने म्हणत होते ते घ्यावेत. तिनं नंबर काढला. मग मोबाईल पेरूशेजारी मांडीवर ठेवून दिला.

मोबाईल वाजला. आकडे. आणि मागोमाग एक फोटो, महारुद्राच्या मोबाईलवरून, जरा तिरका. कागदावर ठराव दोन नव्यानं छापलेला. टाइप उद्धवरावांनी केलं होतं, कारण प्रत्येक शब्दानंतर दोन-दोन मोकळ्या जागा होत्या.

> *ठराव  दोन.  श्रीमती  हेमा  यांची  हजेरी  योग्य  असल्याने  त्यांना  कायम  करण्यात  येते.*

खाली तीन सह्या. पिंगळीच्या मुख्याध्यापकांची सही कचोरीच्या तेलानं पारदर्शक झाली होती.

फोन आला. पलीकडं चार माणसं श्वास घेत होती.

"काका, पेन हाय का जवळ?" हेमानं विचारलं.

"हाय, हाय. सांग."

तिनं आकडे सांगितले. एकेक, सावकाश, उद्धवरावांना लिहून घेता यावेत इतक्या हळू. सहावा सांगायच्या आधी तिनं फोटो पुन्हा एकदा मोठा करून तिन्ही सह्या पाहिल्या, आणि मग तोही सांगितला.